श्येनकूटाची दुसरी आग

तांग साम्राज्याच्या उत्तर सीमेवरील त्या ओसाड मुलखात, जेथे शरद ऋतूच्या अखेरीस गवत एका रात्रीत पांढरे पडते आणि सकाळी मेंढ्यांच्या लोकरीवर हिमाचे कण मिठाप्रमाणे चमकतात, तेथे दोन खोल दऱ्यांच्या मधोमध, म्यानातून अर्धवट उपसलेल्या तलवारीसारखा एक अरुंद सुळका आकाशात शिरलेला होता. त्यास श्येनकूट म्हणत. कारण ससाण्यांखेरीज तेथे कुणी आपखुशीने वस्ती केल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. आपखुशीने नव्हे, तर हुकुमाने, तेथे सहा माणसे राहत असत. पूर्वेचा पहिला किरण ज्या वेळी त्या सुळक्याच्या माथ्यावरील मातीच्या बुरुजाला लागे, त्या वेळी खालच्या दऱ्या अजून काळोखातच बुडालेल्या असत, आणि बुरुजावर उभा असलेला पहारेकरी जणू एखाद्या काळ्या समुद्रातून वर आलेल्या नावेवर उभा आहे असे भासे.

हा बुरूज म्हणजे अग्निचौकी होय. सीमेपासून थेट राजधानीच्या वेशीपर्यंत अशा चौक्यांची एक साखळी डोंगरांच्या माथ्यांवरून गेलेली होती. रोज संध्याकाळी, पहिले तारे दिसू लागताच, सर्वांत उत्तरेची चौकी आपल्या पहिल्या आगटीत एक आग पेटवी. ती पाहून दुसरी पेटे, दुसरी पाहून तिसरी, आणि डोंगरामागून डोंगर ओलांडीत ती ज्वाला राजधानीस जाऊन सांगे की आजचा दिवस सुखरूप गेला. या एका आगीस क्षेमाग्नी म्हणत. दोन आगी पेटल्या तर परक्या मुलखातील पाचशेहून अधिक स्वार सीमेत शिरले असे समजावे. तीन वा चार पेटल्या तर त्याहून भयंकर. आणि आग मुळीच दिसली नाही, तर काही विपरीत घडले आहे असे जाणून पुढच्या चौकीने आपलीही आग न पेटवता पायी जासूद दौडवावा, खिंडीच्या दरवाजांना अडसर घालावेत व तटावर शिबंदी चढवावी, असा कायदा होता.

कुणी कपटाने शेजारच्या टेकडीवर जाळ करून फसवू नये म्हणून प्रत्येक चौकीच्या भिंतीत मनगट शिरेल एवढ्या रुंदीच्या चार मातीच्या नळ्या पक्क्या बसवलेल्या असत. एकेका नळीतून मागल्या चौकीची एकेक आगटीच दिसे. जगातले दुसरे काहीही त्यात दिसत नसे.

सुभ्याचा सारा कारभार सरसुभेदाराच्या हाती होता. शिपायांचे धान्य, त्यांचे हिवाळी अंगरखे, घोडे, वैरण, शिक्षा आणि बढती, सर्व त्याच्या शिक्क्याने चाले. परंतु आग मात्र राजधानीची होती. चौकीचा नाईक नेमावा व काढावा तो राजधानीतील युद्धखात्याने. सरसुभेदाराने त्यास जेवू घालावे, पण आज्ञा करू नये. ज्या शहाण्याने हा कायदा लिहिला त्यास ठाऊक होते की दूरच्या सुभ्यात बसलेल्या बलाढ्य पुरुषाचे हात कधी ना कधी शिवशिवतात.

त्या वर्षी उत्तर सुभ्याचे सरसुभेदार दुगू हेंग यांचे हात शिवशिवू लागले होते.

श्येनकूटाचा नाईक मेंग शुन हा पन्नाशी ओलांडलेला, रुंद हाडांचा, थोडके बोलणारा गृहस्थ होता. एकोणीस वर्षे त्याने ही चौकी राखली होती, आणि एकोणीस वर्षे दूरवर पाहत राहिल्याने त्याच्या डोळ्यांभोवती अशा सुरकुत्या पडल्या होत्या की तो नेहमी किंचित हसत असल्यासारखा दिसे, जरी तो क्वचितच हसे. नवव्या महिन्याच्या त्या पहाटे त्याने दक्षिणेकडील बकऱ्यांच्या वाटेवर धूळ पाहिली. पायदळाची धूळ रुंद व बुटकी असते, गुरांची विखुरलेली असते. ही धूळ उंच, बारीक व सरळ होती.

"घोडी आहेत," तो शेजारी उभ्या असलेल्या दिंगला म्हणाला. "हजारावर असावीत."

दिंग हा चौकीचा आचारी आणि आगवाला. पाच शिपायांत वयाने सर्वांत मोठा, आणि तोंडाने सर्वांत तरुण. त्याने डोळे बारीक केले. "आपलीच असतील. शत्रू उत्तरेला राहतो, नाईक. ही तर दक्षिणेला तोंड करून आहेत."

"तेच म्हणतो मी," मेंग शुन म्हणाला. "आणि दिवस उजाडताच राजरस्ता सोडून घळीत का उतरली?"

या प्रश्नाचे उत्तर घटकाभरातच सुळक्याच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. ऐंशी शिपाई, त्यात निम्मे तिरंदाज, आणि त्यांच्या पुढे काळ्या घोड्यावर निळा झगा ल्यालेला एक देखणा मनुष्य. तो सरसुभेदारांचा चिटणीस लू वेइ होता. दहा वर्षांपूर्वी, तो साधा शिपाई असताना, याच चौकीत त्याने मेंग शुनच्या हाताखाली चार हिवाळे काढले होते. घोडे खाली ठेवून तो आपल्या माणसांसह अरुंद धारेवर चढून आला आणि बुरुजाखाली थांबला. बुरुजात शिरण्यास दोराची एकच शिडी होती, व ती वर ओढून घेतलेली होती.

"मेंगदादा, शिडी सोडा," लू वेइ म्हणाला. "खाली उभे ठेवायला मी काही परका नाही. तुमच्या हातची बाजरीची पेज चार वर्षे प्यालो आहे."

"पेज दिंगच्या हातची होती. आणि शिडी सोडत नाही. तुम्ही किती झपाट्याने चढता ते मला ठाऊक आहे."

लू वेइ हसला. "बरे, खलिता तरी घ्या."

टोपली खाली गेली, खलिता घेऊन वर आली. मेंग शुनला अक्षरे जेमतेम लागत. शिक्के मात्र त्यास पाठ होते. खलित्यात असे लिहिले होते की श्येनकूटाच्या सहाही माणसांस आजपासून रजा मंजूर असून, त्यांच्या जागी नवी सहा माणसे सूर्यास्तापूर्वी चौकीचा ताबा घेतील.

"शिक्का सरसुभेदारांचा आहे," मेंग शुन म्हणाला. "युद्धखात्याचा कोठे आहे?"

"राजधानी इथून दीडशे कोस. तिथला शिक्का येईपर्यंत तुमची दाढी गुडघ्याला लागेल, दादा."

"लागू द्या. मला कुठे लग्नाला जायचे आहे?"

बुरुजाच्या कठड्याआड कुणीतरी फिसकन हसले. खालच्या शिपायांपैकी एकदोघांच्या मिशाही हलल्या. लू वेइने ते पाहिले, आणि त्याच्या आवाजातला गोडवा किंचित कमी झाला.

"तुम्ही धूळ पाहिली असेल," तो म्हणाला. "तुमच्यापासून ती लपणार नाही हे मीच सरसुभेदारांना सांगितले होते. तेव्हा उघड बोलतो. तीन वर्षे या सुभ्यात पाऊस नाही. आम्ही धान्य मागितले, राजधानीने तपासनीस धाडले. आम्ही अंगरखे मागितले, त्यांनी उपदेश धाडला. राजधानीचा अमलदार तीन वर्षांसाठी येतो, इथली बोलीही शिकत नाही, आणि माणसे उपाशी ठेवून परत जातो. दुगू हेंग या मुलखात जन्मले. हे मी खोटे सांगतो आहे काय?"

"नाही," मेंग शुन म्हणाला. "सगळे खरे आहे."

"मग? उद्या पहाटे आमचे स्वार लोहद्वाराच्या खिंडीत पोचतील. तिथे उद्या घोड्यांचा बाजार आहे, दरवाजे उजाडताच उघडतील. लोहद्वार हाती आले की राजधानीच आमच्या दारात येऊन बोलेल. आम्हाला तुमच्याकडून तलवार नको, रक्त नको. आजच्या संध्याकाळची एक आग हवी. रोज पेटवता तीच. उत्तरेच्या चौक्यांनी रुकार दिला आहे. उद्यापासून पेटवा, न पेटवा, तुमची मर्जी."

मेंग शुनची नजर दक्षिणेकडे गेली. लोहद्वाराच्या खिंडीत तीन हजार उंबरे होते. त्या बाजारात कणकेचे वडे तळून विकणारी त्याची एकुलती एक लेक होती, आणि ही गोष्ट लू वेइलाही ठाऊक होती, कारण तिच्या लग्नात वाढप्याचे काम त्यानेच केले होते.

"लेकीची काळजी करू नका," लू वेइ हलकेच म्हणाला. "तिच्या दारावर पांढरी खूण करण्यास मी माणूस नेमला आहे. त्या घराला कुणी हात लावणार नाही."

"आणि शेजारच्या घराला?"

जे शस्त्र लू वेइने शेवटासाठी राखून ठेवले होते ते त्याने आता काढले.

"मेंगदादा, सहा वर्षांपूर्वी धुके पडले होते म्हणून तुमची आग अर्धी घटका उशिरा पेटली. तेव्हा याच राजधानीने तुम्हाला भर चौकात चाळीस छड्या मारल्या. वळ अजून बुजले नसतील. ज्यांना तुमचे नावही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हा हट्ट?"

"वळ माझे आहेत," मेंग शुन म्हणाला. "आग माझी नाही. सरसुभेदारांना भांडायचे असेल तर त्यांनी आपल्या तोंडाने दरबाराशी भांडावे, मी त्यांच्या बाजूने साक्षही देईन. पण तीन हजार घरे आज निजतील ती माझ्या आगीकडे पाहून निजतील. त्या आगीच्या तोंडून मी खोटे बोलवणार नाही. खलिता परत न्या, चिटणीस. टोपली मात्र राहू द्या, आमच्याकडे एकच आहे."

अशा रीतीने वाटाघाटी संपल्या.

बुरुजाच्या आत, ज्या खोलीत सहा माणसे ताठ पाय करून निजूही शकत नव्हती, तेथे मसलत बसली. चियाओ नावाचा तिरंदाज, जो सहसा बोलत नसे, तो प्रथम बोलला. "चारही आगट्या पेटवू. राजधानी जागी होईल."

"कायदा काय सांगतो?" मेंग शुनने विचारले. "दोन पेटवल्या तर परके स्वार. बाहेरचा शत्रू नसता जो एकाहून अधिक आग पेटवील त्यास तीन वर्षे बेडी. हे स्वार परके आहेत काय? त्यांच्या निम्म्या घोड्यांना मीच ओळखतो. घरच्याच माणसाने घर फोडले तर किती आगी पेटवाव्यात, हे त्या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही."

"लिहिणाऱ्याला सुचले नसेल," चियाओ म्हणाला.

"सुचले असेल," दिंग म्हणाला. "लिहायची लाज वाटली असेल."

कुणीच हसले नाही. मेंग शुनने सर्वांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. "आपण काहीच पेटवायचे नाही. अंधार खरे बोलतो. अंधार पाहून पुढली, दक्षिणेची पांढरी चौकी गप्प बसेल, जासूद दौडवील, लोहद्वार बंद होईल. ज्याला हे मान्य नसेल त्याने शिडीने उतरून जावे. त्याला मी दोष देणार नाही, आणि लू वेइ त्याला जेवूही घालील."

पाचांपैकी एकही हलला नाही. मग मेंग शुनने पहिली आज्ञा केली: बुरुजाच्या माथ्यावर आगटीजवळ रचलेल्या बोरूच्या पेंढ्यांवर चौकीतले सारे पाणी ओतावे, म्हणजे शत्रू वर चढला तरी त्यास सुका जाळ मिळू नये. पाण्याचे तीन रांजण होते. तिसरा रिकामा करताना दिंगने तळाशी उरलेले भांडेभर पाणी सर्वांना एकेक घोट पाजले आणि उरलेला घोट स्वतः न पिता पेंढ्यांवर शिंपडला.

खाली लू वेइही स्वस्थ बसलेला नव्हता. दुसरी, तिसरी व चौथी आगटी बुरुजाबाहेर, धारेवर, एकमेकींपासून पंचवीस पावलांवर ओळीने बांधलेल्या होत्या. तेथील सर्व सुके जळण त्याने दरीत लोटून दिले. एक काडीही ठेवली नाही. जो मनुष्य एखाद्या घरात राहून गेलेला असतो त्याच्याइतका धोकादायक वैरी दुसरा नाही, कारण कोणती फळी कुरकुरते हे तो जाणतो. दुपारभर त्याने बुरुजावर चढण्याचे दोन यत्न केले. पहिल्यात दोर तुटला, दुसऱ्यात चियाओच्या बाणांनी सात माणसे जायबंदी झाली. नंतर त्याने हल्ला थांबवला आणि एका खडकावर बसून सूर्याकडे पाहू लागला.

सूर्य पश्चिमेच्या कड्याआड गेला. दऱ्या पुन्हा भरू लागल्या. उत्तरेकडे, सहा कोसांवर, मागील चौकीची आग पेटली. लाल, लहान, एकटी. नियमाप्रमाणे श्येनकूटाने आता उत्तर द्यावयाचे होते. बुरुजाच्या माथ्यावर सहा माणसे अंधारात हात गुडघ्यांभोवती आवळून बसली होती.

"एकोणीस वर्षांत प्रथमच रिकामा बसलो आहे," दिंग पुटपुटला. "थंडी अशी असते होय."

त्याच क्षणी लू वेइ खडकावरून उठला. त्याला आठवले होते. नळीला मेंग शुनचा हात दिसत नाही. नळीला फक्त जाळ दिसतो. पहिली आगटी बुरुजाच्या माथ्यावर होती, आणि जळणारा बुरूज दुरून, त्या मनगटाएवढ्या भोकातून, एका आगीहून निराळा मुळीच दिसणार नाही.

"तेलाचे बाण," तो म्हणाला. "पेंढ्या ओल्या असतील, तिथे वाया घालवू नका. माथ्यावरच्या पहाऱ्याच्या छपराला लावा. ते देवदाराचे आहे आणि वीस उन्हाळे वाळले आहे."

पहिले बाण विझले. पण छपराच्या वळचणीत शिरलेला एक बाण धुमसला, तडतडला, आणि पाहता पाहता सारे छप्पर भडकले. विझवण्यास पाणी नव्हते. ते सारे दुपारी पेंढ्यांवर ओतले गेले होते. अंगरखे झोडपून सहा जणांनी आग दाबण्याचा यत्न केला, भुवया जळाल्या, हात भाजले. आणि मग मेंग शुन एकाएकी थांबला, दक्षिणेकडे वळला, व त्याने पाहिले की सात कोसांवर, पांढऱ्या चौकीच्या माथ्यावर, कुणीतरी चूड हातात घेऊन पहिल्या आगटीकडे चालले आहे. तो ठिपका हलत होता. आणखी थोड्याच वेळात तेथे एक आग पेटणार होती, तीवरून पुढची, तीवरून लोहद्वार. आणि लोहद्वाराचा किल्लेदार ती पाहून, रोजच्याप्रमाणे, शिबंदीस निजण्याची परवानगी देणार होता.

त्याने न पेटवलेली आग त्याच्या नावाने खोटे बोलत होती.

"ही विझायची नाही," मेंग शुन म्हणाला. त्याचा आवाज असा होता की गडबडीतही सर्वांनी ऐकला. "मग हिच्या शेजारी दुसरी हवी. अंगरखे काढा."

"तीन वर्षे बेडी, नाईक," चियाओ म्हणाला.

"माझ्या पायात. तुझ्या नव्हे. काढ."

वर्षास एक याप्रमाणे सरकारातून मिळालेले सहा कापसाचे जाड अंगरखे एका दोराने बांधले गेले. दिंग खालच्या खोलीतून एक झाकलेले मडके घेऊन आला. त्यात मेंढीची चरबी होती. दोन महिने भाकरी कोरडी वाढून त्याने ती साठवली होती. "नव्या वर्षाच्या पुऱ्यांसाठी ठेवली होती," तो म्हणाला, "पण तुमच्यापैकी एकालाही चांगल्या पुरीची पारख नाही." अर्धी चरबी गाठोड्यावर ओतून उरलेली मडक्यात तशीच ठेवून तो म्हणाला, "ही मी आणतो. चरबी कशी जाळायची ते नाईकांना कळत नाही."

शिडी सोडली गेली. बुरुजाचा माथा इतका झगझगीत पेटला होता की खालच्या तिरंदाजांचे डोळे दिपले होते, आणि बुरुजाच्या पायथ्याशी पडलेली सावली त्यांना डांबरासारखी काळी दिसत होती. त्या सावलीत दोन माणसे उतरली. दुसरी आगटी पंचवीस पावलांवर होती. पहिली दहा पावले त्यांना कुणी पाहिले नाही. अकराव्या पावलावर मेंग शुनने अंगाआड झाकून आणलेली धुमसती चूड फुंकून गाठोड्यास लावली, कारण आगटीपाशी पोचल्यावर ती लावण्यास वेळ मिळेल याचा भरवसा नव्हता. आणि मग तो जळते गाठोडे दोराने ओढीत, लपण्याचा सर्व प्रयत्न सोडून, ताठ मानेने, जसा रोज संध्याकाळी चाले तसा चालू लागला.

"मारा," लू वेइ ओरडला.

तिरंदाजांनी धनुष्ये उचलली. ते सीमेवरचेच शिपाई होते. कित्येकांनी लहानपणापासून हीच आग आपल्या अंगणातून पाहिली होती. निम्म्यांच्या प्रत्यंचा ओढल्या गेल्या आणि सुटल्या नाहीत. निम्म्यांच्या सुटल्या. पंधराव्या पावलावर दिंग गुडघ्यांवर आला. त्याने मडके सांडू दिले नाही, दोन्ही हातांनी ते जमिनीवर नीट टेकवले, मेंग शुनकडे सरकवले, आणि म्हणाला, "सगळी एकदम ओतू नका." हे त्याचे अखेरचे शब्द होते. मेंग शुनने मडके काखेत घेतले आणि तो पुढे चालला.

मेंग शुनच्या खांद्यात एक बाण शिरला, मांडीत दुसरा. वरून चियाओ एकामागून एक बाण सोडीत होता आणि त्याने धारेवरची डावी बाजू रिकामी केली. विसावे पाऊल, एकविसावे. आगटीच्या विटांपाशी लू वेइ स्वतः उपसलेली तलवार घेऊन उभा राहिला.

"दादा, थांबा," तो म्हणाला. "ही आग खोटी आहे. परके कुणी आलेले नाही. तुम्ही खोटे बोलत नाही ना?"

"जो तीन हजार घरांवर झोपेत चालून येतो," मेंग शुन धापा टाकीत म्हणाला, "तो आपला किती आणि परका किती, ते तुम्हीच मोजा. बाजूला व्हा, तुमचा झगा पेटेल."

आणि तो थांबला नाही. लू वेइने तलवार उगारली. परंतु ज्याच्या हातून चार हिवाळे घोंगडी पांघरून घेतली त्याच्या मानेवर ती उतरविण्यास जेवढा क्षण लागतो, तेवढा क्षण त्यास लागला. तेवढ्यात जळते गाठोडे उचलून मेंग शुनने ते आगटीत लोटले, स्वतःच्या बाह्या जळत असताना मडके हाती घेतले, आणि सांगितल्याप्रमाणे चरबी थोडी थोडी ओतू लागला. ज्वाला पुरुषभर उंच उठली. तलवार आली, पण उशिरा आणि तिरकी आली. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटे तुटली. मडके उजव्या हातात होते.

दक्षिणेस पांढऱ्या चौकीवर एक आग पेटलेली होती. धारेवरचे सर्व, हे आणि ते, तिकडे पाहू लागले. एक श्वास, दोन श्वास, पाच श्वास. मग त्या एका ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका उमटला. त्याच्याही पलीकडे, क्षितिजाच्या काठावर, दोन बारीक ठिणग्या दिसल्या, आणि मग त्या डोंगरांआड पुढे गेल्या.

लू वेइने तलवार खाली केली. आता कुणालाही मारून काही साधणार नव्हते. तो खडकावर जाऊन बसला. त्याच्या शिपायांपैकी एकाने, न विचारता, दिंगच्या अंगावर आपला अंगरखा घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दुगू हेंग यांचे अकराशे स्वार जेव्हा लोहद्वारासमोर घळीतून बाहेर पडले, तेव्हा दरवाजे बंद होते, तटावर मशाली होत्या, आणि घोड्यांचा बाजार भरलेला नव्हता. तीन दिवस त्यांनी दरवाजाशी डोके आपटले. चौथ्या दिवशी दक्षिणेकडून शाही फौज येत असल्याची वार्ता आली, आणि सरसुभेदारांच्या सरदारांतच फितुरी झाली. सतराव्या दिवशी दुगू हेंग यांचे मस्तक पेटीत घालून राजधानीस रवाना झाले. लू वेइ पळाला नाही. त्याने सर्व कबूल केले, आणि त्याच महिन्यात सुभ्याच्या ठाण्यावर त्यास देहदंड झाला.

हिवाळ्याच्या मध्यास राजधानीहून युआन नावाचे न्यायाधीश चौकशीस आले. ते कृश, सभ्य आणि कायद्याचे अक्षर न् अक्षर मानणारे गृहस्थ होते. लोहद्वाराच्या कचेरीत त्यांनी मेंग शुनला बसण्यास आसन दिले, जे आरोपीस सहसा देत नाहीत.

"नाईक," ते म्हणाले, "तुमच्या दुसऱ्या आगीने हे नगर वाचले हे सर्व जाणतात. परंतु दोन आगींचा अर्थ परके स्वार असा आहे. परके स्वार नसता ती पेटवली, तर कलम स्पष्ट आहे. आता, सरसुभेदारांच्या फौजेत उत्तरेकडील टोळ्यांचे काही भाडोत्री होते असे ऐकतो. तुम्ही त्या पहाटे धुळीत त्यांचे टोप पाहिले असतील."

"नाही पाहिले, महाराज."

"आठवून पाहा. एक ओळ आहे. तिच्याखाली अंगठा उठवा, म्हणजे तुम्ही आज घरी जाल, आणि मीही समाधानाने परत जाईन."

मेंग शुनने आपल्या उरलेल्या बोटांकडे पाहिले. "धूळ पाहिली. टोप पाहिले नाहीत. कायदा मोडतो आहे हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनच मोडला. हे लिहा, त्याखाली अंगठा देतो. आता कागदावर खोटे लिहायचे, तर त्या दिवशी नुसते बसून राहिलो असतो, महाराज. दिंगच्या पुऱ्या तरी खायला मिळाल्या असत्या."

युआन यांनी ती एक ओळ लिहिलेला कागद गुंडाळून बाजूला ठेवला. मग त्यांनी जे ऐकले तेच लिहिले. शिक्षा तीन वर्षांची झाली. चियाओ आणि उरलेल्या तिघांस नायकाच्या आज्ञेने वागले म्हणून सोडले. न्यायाधीशांना कायद्यात जेवढी मोकळीक होती तेवढी त्यांनी वापरली: बेडी हलकी घालावी, आणि कैद्याचे श्रम लोहद्वाराच्या तटाच्या दुरुस्तीवर घ्यावेत, असा हुकूम लिहून ते निघून गेले. निघताना नायकाला त्यांनी जो नमस्कार केला तो दप्तरात कोठेही नोंदलेला नाही.

अशा प्रकारे मेंग शुन लोहद्वाराच्या तटावर विटा वाहू लागला. दुपारी त्याची लेक वडे घेऊन येई आणि बाजारातले लोक वाट सोडून उभे राहत. त्यास हे आवडत नसे. "कैद्याला वाट काय देता," तो म्हणे, "विटा द्या."

परंतु संध्याकाळी, तारे दिसू लागण्याच्या सुमारास, किल्लेदार स्वतः तटावर येत असे. कायद्याप्रमाणे नळीला डोळा लावण्याचा अधिकार त्याचा होता. तो डोळा लावी, एक आग पाही, आणि मग शिबंदीस निजण्याची आज्ञा देण्यापूर्वी बाजूला होऊन, बेडी घातलेल्या त्या मनुष्याकडे वळून म्हणे, "नाईक, जरा बघता?"

पहिल्या संध्याकाळी मेंग शुनने विटांची पाटी खाली ठेवली, बेडी खणखणवीत पुढे आला, आणि नळीतून बराच वेळ पाहिले.

"आग एक आहे," तो म्हणाला. "खरी आहे की नाही, ते पेटवणाऱ्याला विचारा. माणूस पाठवून विचारा, रोज विचारा."

दुसऱ्या दिवसापासून लोहद्वाराहून एक स्वार रोज सकाळी उत्तरेकडे जाऊ लागला.